मंगल कार्यालयात शिरण्याआधी बाहेरची वाट ठरवा

शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात काय काय घडतं ते एकदा मोजून बघा. टाळ्या, स्पीकरवर एकदम चढलेली सनई, दाराशी ताशा, डोक्यावर अक्षतांचा मारा, फ्लॅशचे लखलखाट, मागून पुढे सरकणारी गर्दी आणि सगळ्यावर अत्तर-गजऱ्यांचा वास. बहुतेकांना लग्नातला हाच क्षण सगळ्यात गोड वाटतो. पण आवाज, स्पर्श, उजेड, वास यांची चाळणी ज्या मुलाच्या मेंदूत नीट होत नाही, त्याच्यावर हे सगळं एकदम कोसळतं. ते कान दाबून खाली बसतं, किंचाळतं, नाहीतर दिसेल त्या दाराकडे धाव घेतं. मागून कोणीतरी म्हणतंच, "फार लाडावून ठेवलंय."

अशा मुलाला गर्दीच्या ठिकाणी न्यायचं कसं, हे सांगायला लग्नाचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. मॉल, एसटी स्टँड, गणपतीची रांग, वाढदिवस, सगळीकडे अडचणी याच असतात. लग्नात मात्र त्या एकाच छपराखाली, चार-पाच तास आणि अख्ख्या गोतावळ्यासमोर येतात. एक लग्न नीट आखता आलं की बाकीच्या ठिकाणांसाठी त्यातलं अर्धंच लागतं.

हे होतं कसं

शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात. इथे आणखी तीन संवेदना धराव्या लागतात: तोल आणि हालचाल कळवणारी कानाच्या आतली यंत्रणा, हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हे स्नायू-सांध्यांतून कळणं, आणि भूक, तहान, लघवी, उकाडा अशा शरीराच्या आतल्या खुणा. या सगळ्यांतून येणाऱ्या माहितीतलं महत्त्वाचं ठेवून बाकीचं मागे सारायचं काम मेंदू सतत करत असतो. पंख्याची घरघर आपल्याला पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी होते, ती यामुळेच. काही मुलांना ती तासाभरानंतरही पहिल्या सेकंदाइतकीच ऐकू येते.

अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञ) जीन आयर्स यांनी या विषयाची पायाभरणी १९६० आणि ७०च्या दशकांत केली. पुढे १९९७मध्ये विनी डन यांनी मुलांचे प्रतिसाद चार प्रकारांत मांडले: ज्यांना संवेदना उशिरा जाणवते, जे संवेदना शोधत फिरतात, ज्यांना ती चटकन बोचते आणि जे तिच्यापासून लांब पळतात. घरच्यांना गोंधळात टाकणारी गोष्ट ही की एकच मूल एकाच दिवशी चारही प्रकारांत दिसू शकतं. स्वतः जोरजोरात ओरडणारं मूल मिक्सरचा आवाज झाला की कान झाकतं. यात विसंगती नाही. स्वतःचा आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे त्याला ठाऊक असतं, मिक्सरचं नसतं.

दुसरी गोष्ट साचण्याची. दूध उतू जातं तेव्हा आपल्याला वाटतं ते आत्ताच वर आलं, पण आच केव्हाची चालू असते. अपुरी झोप, टोचणारी शेरवानी, गाडीतला डिझेलचा वास, तीन आत्यांनी ओढलेले गाल, हे सगळं शांतपणे आत जमत असतं. मग कोणीतरी फुगा फोडतं आणि मूल कोसळतं. दोष फुग्याला मिळतो. म्हणून "एवढ्याशा गोष्टीला एवढं?" असं वाटलं की आधीचे तीन तास आठवून बघायचे.

निदानाबद्दल थोडक्यात. संवेदनांचा असा त्रास हा डीएसएम-५मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, स्वतंत्र आजार म्हणून दिलेला नाही. मात्र २०१३च्या त्या आवृत्तीपासून स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत त्याचा समावेश आहे. अतिचंचल मुलांमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये आणि कुठलंही निदान नसलेल्या मुलांमध्येही तो दिसतो. शंका असेल तर आधी कान तपासून घ्या, कारण कानात पू झालेलं मूलही आवाजाला तसंच वागू शकतं. मग विकासविषयक बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अनेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची लवकर हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे हे मोफत होतं.

हट्ट की कोसळणं?

हट्ट करणारं मूल मध्येच डोळा उघडून तुम्ही बघताय का ते बघतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. संवेदनांच्या माऱ्याने कोसळलेल्या मुलाला प्रेक्षक लागत नाही, आणि मागितलेलं आइस्क्रीम हातात दिलं तरी ते थांबत नाही. व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळतात: हट्टाने सुरू झालेलं रडणं गोंगाटात कोसळण्यापर्यंत जातं. मुलाला ओढणं किंवा दटावणं कोसळताना निरुपयोगी आहे, कारण त्या वेळी शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आठवडाभर आधीची कामं

कार्यालयाच्या व्यवस्थापकाला फोन करा. "हॉल कसा आहे?" असं विचारलं तर "एकदम प्रशस्त" एवढंच कळेल. विचारायचं ते असं: स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना आहेत की खांबांवरही लावलेत? जनरेटर कुठल्या भिंतीला आहे? मुख्य दाराशिवाय दुसरं दार कुठे उघडतं? वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या खोल्यांपैकी एखादी तासभर मिळेल का? गाडी दाराजवळ लागते का? संडास कुठल्या प्रकारचा आहे, आणि हात सुकवायचं भोंग्यासारखं यंत्र तिथे आहे का? ते यंत्र अनेक मुलांना फटाक्याइतकं भयंकर वाटतं, आणि त्यापायी मूल दिवसभर लघवी दाबून बसतं.

सजावट करणाऱ्यालाही दोन प्रश्न: जोडप्याच्या प्रवेशाला थंड आतषबाजी, कागदी झिरमिळ्यांचा बार किंवा धूर आहे का, आणि नेमका किती वाजता? ती दहा मिनिटं बाहेर काढली की निम्मी लढाई टळते.

जमलं तर रिकाम्या दिवशी मुलाला कार्यालय दाखवून आणा. नाहीतर तिथल्या कोणाकडून फोनवर दोन मिनिटांचं चित्रीकरण मागवा: फाटक, चपला काढायची जागा, हॉल, जेवणाची जागा, संडास, शांत खोली. त्यातले सहा फोटो एका पट्टीवर लावून रोज रात्री एकदा दाखवायचे. शेवटचा फोटो आपल्या घराच्या दाराचा. तो वगळू नका. हे संपणार आहे आणि आपण घरी येणार आहोत, हे मुलाला त्यातूनच कळतं. "तिथे खूप मज्जा येईल" असलं सांगू नये. "ढोल वाजेल, मोठा आवाज होईल, तेव्हा आपण बाहेर जाऊ" असं सांगावं.

कपडे हा घरोघरी दुर्लक्षित राहणारा भाग. नव्या कपड्याला खळ असते, कॉलरला लेबल, आत जरीचे धागे उलटे. कपडा दोन-तीनदा धुवा, लेबल शिवणीसकट उसवा (नुसतं कापलं तर उरलेला कडक कोपरा जास्त टोचतो), आत मऊ सुती बनियन उलटा घाला म्हणजे शिवण बाहेर राहते. मग तीन दिवस रोज अर्धा तास घरी घालून बघा. तरीही मूल ओरबाडत असेल तर जुना सुती झब्बा घालून न्यावं. अल्बममध्ये कोणी बघत नाही. फेट्याचा अंदाज मात्र उलटाही निघतो: डोक्यावरचा घट्ट, सारखा दाब काही मुलांना आवडतो.

आवाजाचं गणित

साधं बोलणं साधारण ६० डेसिबल. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. बंद हॉलमधला डीजे सहज शंभरीकडे जातो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस अशी की ८५ डेसिबलला ८ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं. हे धडधाकट प्रौढ कानांचं गणित. तेव्हा मूल कान झाकत असेल तर ते चुकत नाहीये.

उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे तेवढा उतरत नाही. भिंतीपलीकडे जाणं नेहमीच जास्त कामी येतं.

कान झाकणारे इअरमफ मुलांच्या मापाचेच घ्या. पाकिटावर घट २० ते ३० डेसिबल लिहिलेली असते. प्रत्यक्षात तेवढी क्वचितच मिळते, कारण केस, चष्म्याची काडी किंवा सैल पट्टी यातून फट राहते. तरी १० डेसिबल उतरले की आवाज साधारण निम्मा वाटतो, तेव्हा फायदा आहेच. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी. इअरमफची सवय घरी पाच-पाच मिनिटांनी लावायची. लग्नातच पहिल्यांदा डोक्यावर चढवले तर तो आणखी एक बोचणारा स्पर्श ठरतो. आणि दिवसभर घालून ठेवू नयेत: कान सतत झाकलेले राहिले की साधे आवाजही मोठे वाटू लागतात. मोठ्या आवाजापुरते घाला, मग काढा.

ढोल आणि डीजेच्या खालच्या सुरांना इअरमफ नीट अडवत नाहीत. तो ठोका कानापेक्षा छातीत जाणवतो. म्हणून वरात टाळाच. कुठलीही पिशवी, कुठलंही यंत्र त्यावर उपाय नाही, अंतर हाच उपाय. गणपतीच्या मिरवणुकीलाही हेच लागू. तिथे रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद होतील यावर विसंबू नका, कारण राज्य सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. दर्शन सकाळी लवकर उरका. पुण्यात असाल तर ऋषिपंचमीची पहाट सोडून: त्या वेळी दगडूशेठसमोर अथर्वशीर्षासाठी हजारो महिला जमलेल्या असतात.

पिशवीत काय

इअरमफ, पुढे कड असलेली टोपी (वरच्या दिव्यांसाठी; गॉगलपेक्षा मुलं ती जास्त वेळ ठेवतात), स्ट्रॉची बाटली, कपड्यांचा जुना जोड, बिनवासाचे ओले रुमाल, आवडीची एकच वस्तू आणि ओळखीचं खाणं. स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढणं, गाजर किंवा चिक्की चावणं यातून जबड्याला जोर मिळतो आणि बरीच मुलं स्थिरावतात. अगदी लहान मुलांना मात्र चिक्की, शेंगदाणे, कच्चं गाजर देऊ नका, घशात अडकतं.

पाठीवरच्या थोड्या वजनाने मूल स्थिरावतं का ते बघायला सॅकमध्ये अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे साधारण एक किलो, २० किलोच्या मुलाला पुरे. एका वेळी २० मिनिटं. वजनाची जॅकेटं बाजारात महाग मिळतात, पण त्यांच्या उपयोगाचा पुरावा कमजोर आहे. बाटल्यांचं दप्तर तेच काम करून बघतं आणि तहानही भागवतं.

खिशात फोन नंबरची चिठ्ठी आणि सकाळीच, त्या दिवसाच्या कपड्यांत, मुलाचा फोनवर फोटो. गर्दीत मूल हरवलं तर "निळा शर्ट" हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. शोधताना आधी विहीर, टाकी, कारंजं आणि रस्ता, हॉल नंतर.

त्या दिवशी

सकाळी अंगमेहनत: बादली ढकलणं, भाजीची पिशवी उचलणं, भिंतीला दहा वेळा जोर लावणं, गादीवर उड्या. भरपेट ओळखीचा नाश्ता. डोकं आदल्या दिवशी धुवा. सोबत बसणाऱ्याने अत्तर लावू नये, गजरा माळू नये.

मुहूर्ताच्या दीड तास आधी पोचा. भरलेल्या हॉलमध्ये शिरणं आणि आपल्याभोवती हॉल हळूहळू भरत जाणं यात मुलाच्या दृष्टीने फार फरक असतो. रुखवत बघायलाही हीच वेळ बरी, तेव्हा तिथे ढकलाढकली नसते. जागा कडेची, पाठीशी भिंत, बाजूचं दार दहा पावलांवर, कूलरच्या झोतापासून लांब. समूहफोटो आत्ताच, फ्लॅश न मारता उरकायला छायाचित्रकाराला सांगा. "जेवणानंतर काढू" म्हणून ठेवलेला फोटो हे लवकर न निघण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मुलाची जबाबदारी एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे. "सगळे आहेत ना" म्हणजे कोणीच नाही. पाऊण तासाने पाळी बदला, आणि बदलताना तोंडाने सांगा: "आता तुझ्याकडे." मुलाची आई नवरीची सख्खी बहीण असेल तर तिला दर दहा मिनिटांनी हाक येणार; तिने पाळी घेऊच नये, मामा किंवा काका ठरवून ठेवा.

नातेवाइकांसाठी वाक्य तयार हवं. "आत्या, तो लांबूनच नमस्कार करतो, गालाला हात लागला की त्याला त्रास होतो." एवढंच. मेंदूवरचं व्याख्यान तिथे कोणाला नको असतं. मुलाला एखादं काम दिलं तर आणखी बरं: दाराशी पेढे देणं. एकच कृती, एकच वाक्य, मध्ये ताटाचं अंतर.

हळूच होणारा स्पर्श या मुलांना बहुधा जास्त बोचतो, घट्ट स्पर्श कमी. म्हणून गोंजारू नका. मुलाला आवडत असेल तर दोन्ही खांद्यांवर हात ठेवून सारखा दाब द्या. आवडत नसेल तर तेही नको.

अंतरपाट धरायच्या दहा मिनिटं आधी शांत खोलीत किंवा बाहेर. अक्षता पडून गेल्यावर पंधरा मिनिटांनी परत. गाडीत बसायचं असेल तर मोठं माणूस सोबत हवंच. मुलाला गाडीत एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

लघवीला घड्याळाकडे बघून न्या, दर दीड तासाने. पाणीही तसंच. "लागली की सांगेल" हे इथे धरून चालत नाही, कारण ती खूणच उशिरा कळते.

जेवणाला आमचं मत पंगतीच्या बाजूने. बुफेत ओळीत उभं राहणं, मागून धक्के, झाकणांचा खणखणाट. पंगतीत जागा एक, क्रम ठरलेला. त्रास होतो तो वाढप्यांच्या आग्रहाचा: पानावर हात आडवा धरायचं काम मोठ्याने करायचं. पहिली पंगत धरा. वरण भाताला लागलेलं चालत नसेल तर वाटी मागून घ्या. घरचा दहीभाताचा डबा उघडण्यात लाज कसली.

उतू जाण्याआधीच्या खुणा

प्रत्येक मुलाच्या वेगळ्या: आवाज चढणं, उगाच खिदळणं, चवड्यावर चालणं, कॉलर चावणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, कानाच्या पाळ्या लाल होणं. एकदम गप्प होणं ही सगळ्यात फसवी. "बघ, किती शांत बसलाय" असं म्हणतात ती हीच वेळ. पहिली खूण दिसली की दहा मिनिटं बाहेर. तिसऱ्या खुणेची वाट पाहिली तर उपयोग नसतो.

कोसळलंच, तर: आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, स्वतः खाली बसा, जवळ एकच माणूस. प्रश्न विचारू नका, समजूत घालू नका. फार तर "मी इथेच आहे". गर्दीला एकजण सांगेल: "जरा जागा द्या, दहा-वीस मिनिटांत शांत होईल." मोबाइलने चित्रीकरण करणाऱ्याला स्पष्ट शब्दांत थांबवा. मुलाला पालथं दाबून धरू नका, श्वास कोंडू शकतो. डोकं जोरात आपटलं, शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तो वैद्यकीय प्रसंग आहे. शांत झाल्यावर पाणी, ओळखीचं खाणं, घर. त्या दिवशी जाब विचारायचा नाही.

किती वेळ थांबायचं? पहिल्या खेपेला ३० ते ४० मिनिटं (वरचं अख्खं लग्न सवय झाल्यावर), आणि मूल खुशीत असतानाच निघायचं. पुढच्या खेपेला १०-१५ मिनिटं वाढवा. "आज छान रमलाय, अजून तासभर थांबू" हा मोह जवळजवळ प्रत्येक घराला नडतो. मुलाच्या लक्षात शेवट राहतो, आणि शेवट रडण्याचा झाला की पुढच्या वेळी ते फाटकापाशीच अडून बसतं.

घरी आल्यावर दोन तास काही नको. रात्री वहीत चार ओळी: किती वाजता काय झालं, त्याआधी काय झालं होतं, कशाने बरं वाटलं, किती वेळ टिकलं. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो, आणि थेरपिस्टलाही तीच वही सगळ्यात कामाची.

कागदपत्रांचं थोडं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे तिचं निदान असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळू शकतं. नुसत्या संवेदनांच्या त्रासासाठी वेगळा प्रकार नाही. लग्न परगावी असेल आणि विमानाने जायचं असेल तर न दिसणाऱ्या अडचणींसाठीची सूर्यफुलाची, गळ्यात घालायची हिरवी पट्टी विचारून बघा. २०१६मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली आणि भारतात बंगळुरूच्या विमानतळावरही ती चालते.

आणि एवढं करूनही हे लग्न झेपणारं नाही असं दिसत असेल, तर केळवण आपल्या घरी ठेवा. सहा-सात माणसं, आपलाच पंखा, आपलीच ताटं, मुलाला कंटाळा आला तर जायला स्वतःची खोली. नवरीला किंवा नवरदेवाला आधी फोन करून सांगायचं: अत्तर नको, आल्या-आल्या उचलून घेऊ नको, तो आपणहून जवळ येईपर्यंत त्याच्या गाड्यांशी खेळत बस.